फातोर्ड्याच्या अवे सामन्याचं नियोजन शेवटच्या शिट्टीपासून उलटं करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळव्याचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मुंबई सिटी या फुटबॉल संघाचे अंधेरीतले सामने गेली तीन वर्षं नेमाने बघतो, आता पहिल्यांदाच अवे सामन्याला, म्हणजे समोरच्या संघाच्या मैदानावर, जायचंय, तेही गोव्याविरुद्ध मडगावच्या फातोर्ड्याला. तो, दोन मित्र आणि त्यातल्या एकाची मोठी बहीण, असे चौघे. बेत असा की शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी साडेसातचा सामना बघायचा आणि त्याच रात्री परत फिरायचं, म्हणजे लॉजचे पैसे वाचतील. सोबत चार शंका: गोव्याचे समर्थक त्रास देतात का, जर्सी घालून फिरावं का, ढोल नेता येतो का, आणि आई नको म्हणतेय तिला काय सांगायचं.

वयाने मोठा आहे, म्हणून 'तू' म्हणतो, राग मानू नकोस. मी ऐरोलीचा. २०१४ साली मुंबई सिटी सुरू झाली तेव्हा घरचे सामने नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर व्हायचे. घरचा पहिलाच सामना पुण्याशी होता. तो ५-० जिंकला, आंद्रे मोरित्झने तीन गोल केले आणि त्या रात्री मी या संघाचा झालो. पुढे २०१६ पासून सामने अंधेरीला गेले आणि आम्ही नवी मुंबईकर आपल्याच घरी पाहुणे झालो. घाटकोपरला मेट्रो पकडायची, सामना बघायचा, मग परत घाटकोपर, ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बरची उशिराची लोकल. तू कळव्याहून हेच करतोस. सामना संपल्यावर घरी कसं पोचायचं ही धाकधूक पोटात ठेवून शेवटची दहा मिनिटं बघायची सवय आपल्याला आहेच. अवे प्रवासाचं सगळं मर्म त्यातच आहे, फक्त अंतर साडेपाचशे-सहाशे किलोमीटरचं होतं.

तू विचारलेले चारही प्रश्न बरोबर आहेत, पण ज्यावर तुझा बेत मोडेल तो प्रश्न तू विचारलेला नाहीस, उलट उत्तर गृहीत धरलंस: 'त्याच रात्री परत फिरू'. कशाने फिरणार? साडेसातचा सामना संपायला सव्वानऊ-साडेनऊ होतात. पाहुण्या समर्थकांना पोलीस बहुधा लगेच सोडत नाहीत. आधी घरचं पब्लिक पांगू देतात, मग आपल्याला बाहेर काढतात. म्हणजे रस्त्यावर पाय पडेपर्यंत दहा वाजले असं धर. मुंबईकडे येणारी कोकणकन्या मडगावहून संध्याकाळीच सुटते. तू स्टँडमध्ये बसून वॉर्म-अप बघत असशील तेव्हा ती मडगाव सोडत असेल. खासगी बसही बहुतेक संध्याकाळीच निघतात. रात्री उशिरा दक्षिणेकडून येणारी एखादी गाडी मडगावला थांबते, पण तिच्यात जागा मिळेल या भरवशावर चौघांनी जाऊ नये.

म्हणून मी नव्या मुलांना एकच सांगतो. नियोजन ठाण्याच्या फलाटापासून सुरू करू नका, शेवटच्या शिट्टीपासून सुरू करा आणि तिथून उलटं मागे या. शिट्टी झाल्यावर कुठून बाहेर पडणार, कशाने जाणार, कुठे झोपणार, सकाळी कोणती गाडी. हे ठरलं की मग सामन्याचं तिकीट, मग जायची गाडी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण जायचा उत्साह असतो आणि परतीचा कंटाळा.

हे मी अनुभवातून शिकलो. नोव्हेंबर २०१५, मंगळवारचा सामना, फातोर्डा. गोव्याने आपल्याला सात गोल मारले, ७-०. त्यांच्या दुडू आणि हाओकिप, दोघांनीही हॅट्ट्रिक केली. तो निकाल आजही बोचतो, पण त्या रात्री खरा त्रास झाला तो निकालानंतर. आम्ही पाच जण होतो. स्टेशनजवळच्या एका लॉजला फोनवर खोली सांगून ठेवली होती, थोडे पैसेही दिले होते. साडेदहाला पोचलो तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, तुम्ही नऊपर्यंत आला नाहीत, खोली दिली. पावती नव्हती, निरोप लिखित नव्हता, भांडायला आधार नव्हता. बरोबरच्या दोघांच्या फोनची बॅटरी गेली होती. शेवटी मडगाव स्टेशनच्या फलाटावर वर्तमानपत्र पसरून रात्र काढली. पहाटे थंडी वाजू लागली तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात लहान पोराने संघाचा मोठा कापडी झेंडा काढला आणि आम्ही पाच जणांनी तो पांघरला. आठवण म्हणून गोड वाटते, पण त्या पोराला दुसऱ्या दिवशी ताप भरला होता आणि त्याच्या घरच्यांनी त्याला पुन्हा कधी पाठवलं नाही. एक चांगला समर्थक आम्ही एका खोलीपायी गमावला.

तेव्हा लॉज वाचवू नकोस. बाकी कुठेही वाचव. खोली घेताना समुद्रकिनारा डोक्यातून काढून टाक. कोलवा-बाणावलीला स्वस्त खोल्या दिसतील, फोटोही छान असतील, पण रात्री दहानंतर तिथे जाणार कशाने? गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवा माइल्स नावाचं ॲप आहे, पण सामन्यानंतर सगळेच ते उघडून बसलेले असतात. स्थानिक बस तोवर जवळपास बंद झालेल्या असतात. दिवसा पायलट, म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणारे दुचाकीवाले, मिळतात, ती गोव्याची जुनी आणि फार सोयीची व्यवस्था आहे, मात्र चौघांना रात्री चार पायलट शोधत बसणं काही खरं नाही. त्यापेक्षा फातोर्ड्याचं स्टेडियम आणि मडगावचं कदंब बस स्थानक यांच्या आसपास, चालत जाता येईल अशी खोली बघ. मडगाव रेल्वे स्टेशन तिथून तीनेक किलोमीटर आहे, तो प्रवास सकाळी उजेडात करता येतो. 'आम्ही सामन्याला येतोय, रात्री अकरापर्यंत येऊ' हे लॉजवाल्याला व्हॉट्सॲपवर लिहून पाठव आणि त्याचं उत्तर जपून ठेव. शक्य असेल तर सकाळी पोचल्यावरच खोलीत नाव नोंदवून सामान टाक, मग रात्रीचा प्रश्नच उरत नाही. चौघांचीही मूळ ओळखपत्रं लागतील, मोबाइलमधला फोटो काही जण मानत नाहीत.

आता परतीची गाडी. रविवारी सकाळी मडगावहून मांडवी सुटते आणि रात्री नऊच्या आसपास ठाण्याला आणून सोडते. दिवसभराचा प्रवास आहे, पण मला तोच सगळ्यात आवडतो. रात्रीची झोप झालेली असते, पँट्रीवाले सतत काहीतरी गरम घेऊन फिरत असतात, आणि रत्नागिरी येईपर्यंत सामन्याचा प्रत्येक पास पुन्हा खेळून होतो. उशिरा उठायचं असेल तर दुपारच्या जनशताब्दी, तेजस, वंदे भारत आहेत. वंदे भारत आठवड्यातून एक दिवस धावत नाही आणि महागही आहे. एक गोष्ट कटाक्षाने बघ: कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या हळू चालवतात, सुटण्याच्या वेळाही बदलतात. मोसमाच्या सुरुवातीचा सामना असेल तर गेल्या डिसेंबरच्या वेळा धरून बसू नकोस.

जाताना रात्रीची कोकणकन्या ठीक आहे. सीएसएमटीहून अकरानंतर सुटते, ठाण्याला पावणेबाराच्या सुमारास येते, सकाळी मडगाव. इथे नवी मुंबईकरांची हमखास चूक होते ती सांगून ठेवतो, कारण तुझा एखादा मित्र खारघर-पनवेलचा असेल तर तोही करेल. हीच गाडी पनवेलला मध्यरात्रीनंतर येते. ठाण्याहून बसणाऱ्याच्या तिकिटावर शुक्रवारची तारीख, आणि पनवेलहून बसणाऱ्याच्या तिकिटावर शनिवारची. आमच्या ग्रुपमधल्या एकाने पनवेल ते मडगाव असं शुक्रवारचं तिकीट काढलं आणि शुक्रवारी रात्री निवांत फलाटावर येऊन उभा राहिला. त्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली होती. टीसीने समजूतदारपणा दाखवला, दंड भरून तो दारापाशी बसून आला. चौघांचं तिकीट एकत्र काढा, एकाच स्टेशनवरून चढा. ठाण्याला गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, डबा कुठे लागतो ते आधी इंडिकेटरवर बघून तिथेच उभे राहा.

तिकीट कधी काढायचं यावर सरसकट उत्तर नाही. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, ऑक्टोबर २०२४ पर्यंत एकशेवीस दिवस होतं. सामन्यांची यादी मात्र अनेकदा त्याहून उशिरा येते, आणि आली तरी तारीख हलते. पोलीस बंदोबस्त, टीव्ही, मैदानाची उपलब्धता, कारण काहीही असू शकतं. २०२५ च्या जुलैमध्ये तर अख्खी आयएसएल, म्हणजे हे सामने जिच्यात होतात ती इंडियन सुपर लीगच, अनिश्चित काळासाठी थांबवली गेली होती. म्हणून माझा शिरस्ता असा: तारीख अधिकृतपणे जाहीर झाल्याशिवाय काहीही काढत नाही. झाल्याच्या तासाभरात परतीचं तिकीट आधी काढतो, मग जायचं. दोन्ही साधी आरक्षणं काढतो, कारण सामना हलला तर लवकर रद्द करून बरेचसे पैसे परत मिळतात. तत्काळ हा शेवटचा मार्ग, कारण कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं की एक पैसा परत येत नाही. ते आदल्या दिवशी उघडतं, एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला, आणि आता आयआरसीटीसीचं खातं आधारला जोडलेलं नसेल तर ऑनलाइन निघत नाही. ते आजच जोडून ठेव, त्या दिवशी अकराला पाच मिनिटं कमी असताना ओटीपीची वाट बघत बसू नकोस. ऑनलाइन वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं, ते हातात धरून गाडीत चढता येत नाही.

आणि सामना गणपतीच्या आगेमागे आला तर कोकणातल्या गाड्यांचा विचारच सोड. त्या दिवसांत त्या गाड्या चाकरमान्यांच्या आहेत आणि तसंच असायला हवं. तेव्हा एसटी किंवा बसने जा, नाहीतर तो सामना घरी बघ.

सामन्याच्या तिकिटाकडे येतो. आपल्याकडे अवे स्टँडचा पक्का नियम सगळीकडे सारखा नाही. कुठे यजमान क्लब पाहुण्यांना एक कोपरा देतो, कुठे तुकडाच देतो, कुठे मागितल्याशिवाय काहीच मिळत नाही. म्हणून स्वतःहून ऑनलाइन जे दिसेल ते तिकीट काढू नकोस. चुकून यजमानांच्या कट्टर स्टँडचं तिकीट निघालं तर निळी जर्सी घालून तिथे दोन तास बसणं सुखाचं नसतं आणि सुरक्षारक्षकही आत सोडताना अडवतात. आधी वेस्ट ब्लॉक ब्लूज, म्हणजे आपल्या संघाच्या समर्थक गटाच्या मुलांशी बोल. तीन वर्षं अंधेरीला येतोस म्हणजे पश्चिमेच्या स्टँडमध्ये ढोल कोण वाजवतं ते तुला माहीत असेलच. सामना संपल्यावर जाऊन भेट, नाव सांग, चौघे येतोय म्हण. किती जण येणार हे त्यांनी आधी कळवलं की यजमान क्लबला जागा आणि पोलिसांना बंदोबस्त ठरवता येतो. शिवाय पहिल्या प्रवासाला तीस-चाळीस जणांच्या घोळक्यात असणं हेच सगळ्यात मोठं संरक्षण आहे.

ढोलाचंही तेच. नेता येतो, पण परवानगी आधी लागते आणि ती तुझ्या एकट्याच्या नावावर मिळणार नाही. त्यांच्याकडूनच ढोल येत असेल तर तू नेऊ नकोस. कापडी बॅनर बहुतेक वेळा चालतो, वर काय लिहिलंय ते गेटवर उलगडून बघतात. काठ्या आणि पाइप अडवतात. पाण्याची बाटली, लायटर, नाणी, पॉवर बँक यातलं काय काढून घेतील ते त्या दिवशीच्या गेटवर ठरतं. मी पॉवर बँक खोलीवर ठेवतो आणि फोन शंभर टक्के करून निघतो. खोली संध्याकाळपर्यंत मिळणार नसेल तर पाठपिशवी स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून घरून निघताना चिमुकलं कुलूप घ्या. हे दिसायला क्षुल्लक आहे, पण सामन्याला अर्धा तास असताना गेटवरचा माणूस 'बॅग आत नाही जाणार' म्हणतो तेव्हा त्या कुलपाची किंमत कळते.

आता तुझी मोठी शंका, गोव्याचे समर्थक. माझ्या अनुभवात ते फुटबॉल समजणारे लोक आहेत. तिथे चर्चच्या आवारात, शेतात, वाड्यावाड्यांत पिढ्यान्पिढ्या फुटबॉल खेळला जातो. चांगल्या पासला ते समोरच्या संघासाठीही टाळी वाजवतात, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. चिडवतील, आपल्या गोलकीपरला उद्देशून गाणी म्हणतील, ते चालायचंच. जपायचं ते गेट ते खोली या अर्ध्या तासात, आणि तेही आपण जिंकलो असू तर जास्त.

२४ एप्रिल २०२४, उपांत्य फेरीचा पहिला सामना, फातोर्डा. बुधवार होता. नव्वदाव्या मिनिटापर्यंत आपण ०-२ मागे. आमच्यातले दोघे तर जागेवरून उठून जिन्याच्या तोंडाशी गेले होते. आपल्या छांगतेने एक मारला. आम्ही ओरडलो, पण ते नुसतं मानासाठी. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रतापने बरोबरी केली आणि जिन्यापाशी गेलेले दोघे धावत परत आले. मग इंज्युरी टाइममध्येच छांगतेचा दुसरा. ३-२. माझ्या शेजारचा माणूस, बँकेत मॅनेजर, दोन मुलांचा बाप, खुर्चीवर बसून हमसून रडत होता. आणि समोरचं सगळं स्टेडियम एकदम गप्प झालेलं. ती शांतता मी विसरणार नाही. हजारो लोक आहेत आणि आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतोय.

त्या क्षणी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाने जे केलं ते मी पुढे प्रत्येक अवे सामन्याला करत आलोय. त्याने आम्हाला पाच मिनिटं मनसोक्त नाचू दिलं. मग हात वर करून गाणं थांबवलं आणि म्हणाला, "आता स्कार्फ पिशवीत, वरून साधा शर्ट, आणि बाहेर एक शब्द नाही. खोलीवर जाऊन काय तो दंगा." पोलिसांनी आम्हाला अर्धा तास आत ठेवलं. बाहेर पडलो तेव्हा रस्ता बराच मोकळा झाला होता. कोणी काही बोललं नाही, आम्हीही नाही.

रात्री अकराच्या सुमारास भूक लागली म्हणून एका गाड्यावर थांबलो. रस ऑम्लेट, म्हणजे ऑम्लेटवर शागुतीचा गरम रस्सा ओततात, वर बारीक कांदा, सोबत पाव. शेजारच्या बाकड्यावर साठीचे एक गृहस्थ नारिंगी जर्सीत एकटेच खात होते. आमच्या चेहऱ्यावरून ओळखलं असणार. "खंयचे तुमी?" म्हणाले. मी म्हटलं, मुंबईचे, सामन्याला आलो होतो. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग आपल्या ताटातला जास्तीचा पाव आमच्याकडे सरकवला आणि म्हणाले, छांगतेला आमच्या पोरांनी मोकळा सोडला, चूक आमची. पुढचा अर्धा तास आम्ही गोव्याचा बचाव कुठे तुटला यावर बोलत बसलो, ते कोकणीत, आम्ही मराठीत, एकही शब्द अडला नाही. निळा स्कार्फ फडकवत गेलो असतो तर ते बोलले नसते, आणि बोलायचं कारणही नव्हतं.

तर जर्सीचं उत्तर: स्टँडमध्ये अभिमानाने घाल, रस्त्यावर वरून शर्ट. शिव्यांची गाणी, भाषेवरून किंवा राज्यावरून टोमणे अजिबात नकोत. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये एकाने तोंड सोडलं की परिणाम सगळ्यांना भोगावे लागतात, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या पोरांनाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. हे सगळं गोव्याला लागू आहे, दुसऱ्या शहराचं गणित निराळं असतं. गोवा जवळ आहे म्हणून सोपा वाटतो, पण शिट्टीनंतरच्या तासांचा हिशेब केला तर तो अवघड अवे सामन्यांपैकी एक आहे. बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम शहराच्या मधोमध आहे, कब्बन पार्क मेट्रो चालत गाठता येते. कोचीत स्टेडियमच्या नावाचंच मेट्रो स्टेशन आहे, कोलकात्यातही सॉल्ट लेक स्टेडियम नावाचं आहे. म्हणजे तिथे सामन्यानंतरचा अर्धा तास सोपा आणि प्रवास लांबलचक, कोलकात्याला तर रेल्वेने तीस तासांच्या आसपास. मे २०२४ च्या अंतिम सामन्याला सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवलं, त्यासाठी सहा दिवसांची रजा गेली आणि दिवाळीची रजा शिल्लक राहिली नाही. पुण्याचा संघ होता तेव्हा मात्र खरी चैन होती. बालेवाडीहून निघायचं, वाकडला पुलाखाली उभं राहायचं, मध्यरात्रीही नवी मुंबईची बस मिळायची. २०१९ मध्ये तो संघ बंद पडला आणि नव्या पोरांची अवे सामन्याची पहिली शाळाच गेली. तुझी पहिली शाळा फातोर्डा आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

खर्चाचं विचारलं नाहीस, पण लॉज वाचवायची भाषा केलीस त्यावरून कळलं. स्लीपरने जाऊन-येऊन, चौघांत दोन साध्या खोल्या, सामन्याचं तिकीट, जेवणखाण आणि थोडा हातचा पैसा धरून माणशी अडीच-तीन हजार धर. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खोल्यांचे भाव कुठच्या कुठे जातात, तेव्हा हा अंदाज चालणार नाही. चौघांचे पैसे एकाकडेच जमा करा आणि तिकिटं, लॉज, वेळा हे त्या एकाच्याच ताब्यात द्या. चार जण चार ॲपवर शोधत बसले की एक गोष्ट दोनदा होते आणि दुसरी राहून जाते.

दोन खोल्या म्हणालो कारण तुमच्यासोबत ताई आहे. तिची खोली वेगळी घ्या, आणि कोणती लॉज ते तिलाच ठरवू द्या. आमच्या प्रवासांत येणाऱ्या मुलींचा अनुभव असा की त्यांना अडचण येते ती स्टेडियमच्या स्वच्छतागृहाची आणि बाहेर पडतानाच्या रेटारेटीची. आल्या आल्या स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवा, बाहेर पडताना गर्दीचा पहिला लोंढा जाऊ द्या. तशीही पोलीस आपल्याला थांबवतातच.

दारूबद्दल एकदाच बोलतो. गोव्यात स्वस्त आहे म्हणून सामन्याआधी पिऊन येणारी मुलं मी बघितली आहेत. त्यातली निम्मी गेटवरच अडतात आणि उरलेल्यांना सामना आठवत नाही. परवान्याशिवाय गोव्याची बाटली महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. गाडीत झडती झाली तर चौघांचीही रात्र पोलीस ठाण्यात जाईल, घेतलेली एकाचीच असली तरी.

राहिली आई. तिला पटवायला जाऊ नकोस, तिच्या हातात कागद दे. त्यावर जाण्या-येण्याच्या गाडीचं नाव, डबा आणि बर्थ, लॉजचा पत्ता आणि फोन, चौघांचे आणि त्यांच्या घरचे नंबर, वेस्ट ब्लॉकमधल्या ज्या मोठ्या माणसाशी बोलला असशील त्याचा नंबर. ताईच्या आईशी तुझ्या आईचं एकदा बोलणं करून दे. 'रात्री परत फिरू, बघू काय मिळतंय' असं तू तिला सांगितलं असशील तर तिचं नको म्हणणं अगदी योग्य होतं. रविवारी रात्री नऊला ठाणे, साडेनऊला कळवा, सोमवारी सकाळी कॉलेज, हे कागदावर दिसलं की तिचा चेहरा बदलेल. माझ्या आईचा बदलला होता, फलाटावरच्या त्या रात्रीनंतरसुद्धा.

आणि सामना संपला की तिला फोन स्टँडमधूनच कर, गेटबाहेर पडायच्या आधी. बाहेर गर्दीत नेटवर्क मिळत नाही, बॅटरी दहा टक्क्यांवर आलेली असते, आणि ती टीव्हीवर निकाल बघून फोनपाशीच बसलेली असते.